गिरणीच्या गाळ्यातले मास्तर

आमच्या जिन्याच्या सहाव्या पायरीवर बसलं की खालच्या गाळ्याचा झरोका बरोबर डोळ्यासमोर येतो. झरोका ठेवला होता पीठ बाहेर उडून जावं म्हणून. त्या गाळ्यात आमच्या हिची, म्हणजे माझ्या बायकोची, पिठाची गिरणी होती. एकोणीस वर्षं तिने ती एकटीने चालवली. ही गेली, गिरणी विकली आणि गाळ्यात मास्तर आले. ते आले त्या दिवसापासून मी सहाव्या पायरीवर बसायला लागलो. हातात नावाला लसूण घ्यायचा सोलायला. सोलून सोलून घरात इतका लसूण झाला की शेवटी शेजारपाजारी वाटला. समोरच्या कलाबाई एकदा जाता जाता बोलल्याच, "आबा, लसूण सोलताय का पोरींच्या उड्या बघताय?"

बघत मी उड्या नव्हतो, मास्तरला बघत होतो. माझा माणसांवर विश्वास कमी. पस्तीस वर्षं पिंपरीत फोर्जिंगच्या कारखान्यात हॅमरवर काढली. तिथं तापल्या लोखंडापेक्षा शेजारच्या गड्यावर जास्त नजर ठेवावी लागते, कारण त्याचा हात चुकला तर बोटं आपली जातात. त्यात हा एकटा पुरुष, वय पंचावन्नच्या पुढं, बायको बरोबर नाही, आणि शिकवणार कुणाला, तर चाकणच्या कंपन्यांत कामाला जाणाऱ्या एकोणीस-वीस वर्षांच्या पोरींना. शिकवणार काय, तर ठोसे आणि लाथा. तेही तालावर.

मी पहिल्या दिवशीच विचारलं, हे कराटे का? म्हणाले, नाही. मग नाच? नाही. कवायत? तेव्हा जरा विचार केल्यासारखं करून म्हणाले, "ठोसा कराट्याचा, पाय कवायतीचा, दम नाचाचा. एरोबिक्स म्हणतात याला." सरळ प्रश्नाला असं तीन तुकड्यांत उत्तर देणारा माणूस मला आवडत नाही. कमरेला कराटेवाले बांधतात तसा पट्टा होता, धुऊन धुऊन राखेच्या रंगाचा झालेला. म्हटलं, हा कोणता पट्टा? काळा का तपकिरी? म्हणाले, "विजार धरून ठेवतो तो."

पोरी हसल्या. मी हसलो नाही.

मास्तरांना आणलं आमच्या ऋतुजाने. ऋतुजा माझ्या मुलीची मुलगी. बारावी झाल्यावर जुन्नरहून आमच्याकडे राहायला आली आणि गाड्यांच्या वायरींचे जुडगे बांधायच्या कंपनीत लागली. आठ-दहा तास उभ्याने काम. पण तिच्या डोक्यात एकच, पोलीस भरती. धावणं, गोळाफेक, सगळं जमलं पाहिजे. आधी मास्तर मोशीकडे एका पत्र्याच्या शेडमध्ये शिकवत होते, ते शेड रस्त्यात गेलं. ऋतुजा म्हणाली, आबा, आपला गाळा रिकामा आहे. मला काही तो गाळा रिकामा वाटत नव्हता. पण पोरीच्या भरतीचं काम म्हटल्यावर मी किल्ली दिली.

भरतीचं वेड तिच्या आजीलाही होतं. नातीला खाकी कपड्यात बघायचं एवढं एकच तिने देवाकडे मागितलं होतं आणि त्यासाठी नवस बोलली होती. पोरगी पोलिसात लागेपर्यंत सोमवार, गुरुवार आणि संकष्टी, दिवसभर पाण्यावर. दोन वर्षं तिने ते केलं. मग दवाखान्यात गेली ती परत आली नाही. डॉक्टर म्हणाले होते, अंगात रक्तच नाही, काळीज थकलं. मी ऐकलं आणि सोडून दिलं. म्हातारपणी कुणाच्या अंगात रक्त असतं?

चौदाव्या दिवशी, पाहुणे जायच्या आधी, मी ऋतुजाला देवापुढं बसवलं, तिच्या ओंजळीत पाणी सोडलं आणि म्हटलं, आजीचा नवस अर्धा राहिलाय, तो आता तुझा. नवस बाहेर बोलून दाखवायचा नसतो, तेही बजावलं. पोरीने मान हलवली. मला त्या दिवशी फार बरं वाटलं. हिचं काहीतरी घरात चालू राहिलं असं वाटलं. रोज दिवा लावताना मी फोटोला सांगायचो, पोरगी तुझं सगळं करतीय, काळजी करू नको.

मास्तरांचा वर्ग संध्याकाळी पाच वाजता, पहिल्या शिफ्टच्या पोरी सुटून आल्या की. गाण्याची त्यांना चीड. एक डबडा स्पीकर होता, त्यावर फक्त हलगी वाजायची. कुस्तीच्या फडात वाजते तशी हलगी, कडक. ठोक्याला ठोसा आणि ठोशाला पोरींनी "हा" म्हणायचं. पहिल्या दिवशी बारा पोरी एकदम "हा" म्हणाल्या तेव्हा शेजारचा गॅरेजवाला सलीम हातात पाना घेऊन धावत आला. त्याला वाटलं मारामारी लागली. मास्तरांनी त्याला दारात थांबवून सगळं समजावलं, पाना खाली ठेवायला लावला आणि विचारलं, घरात मुलगी आहे का? दुसऱ्या दिवसापासून सलीमची मुलगी यायला लागली. म्हणजे माणूस बोलण्यात तरबेज. मी हे मनात लिहून ठेवलं.

शटर ते अर्धं खाली ओढून ठेवायचे. का, तर म्हणे बाहेर मोटरसायकलवर टाळकी जमतात. टाळकी जमत होती हे खरं. पण शटर ओढायला मला तेवढं कारण पुरेसं वाटत नव्हतं.

हात मात्र कुणाला लावायचे नाहीत. दोन फुटांची पोलादी पट्टी होती त्यांच्याकडे. एखादीचं कोपर खाली आलं की पट्टीच्या टोकाने वर करायचे, गुडघा वाकडा गेला की पट्टी आडवी धरायचे. एरवी दोन्ही हात पाठीमागे बांधून फिरायचे, इन्स्पेक्शनला आलेल्या साहेबासारखे. मी म्हणायचो, लोकांदेखत आहे म्हणून. एखाद्या दिवशी चुकेलच.

एका दिवशी मला वाटलं चुकलेच. झरोक्यातून बघतो तर मास्तर पोरींच्या मधोमध जमिनीवर आडवे. कान फरशीला लावलेला, तोंड भिंतीकडे, आणि पोरी सभोवती उड्या मारतायत. माझ्या हातातला लसूण खाली सांडला. मी जिना उतरून शटरखालून वाकून आत घुसलो आणि म्हटलं, "हे काय चाललंय?"

मास्तर पडल्या पडल्याच म्हणाले, "आबा, जरा थांबा. कॅन्टीनवाल्या बीडच्या बाईचा डावा पाय मोठ्याने पडतोय." मग उठून बसले आणि मला समजावलं. उडी किती उंच गेली याला महत्त्व नाही, खाली येताना आवाज होता कामा नये. धप्प झालं की गुडघ्याचं नुकसान. फरशीला कान लावला की कुणाचा पाय कसा पडतो ते कळतं. म्हणाले, "तुम्हीपण ऐका." मी नाही म्हटलं. सत्तरीचा माणूस, लोकांच्या पोरींपुढं फरशीवर आडवा होणार? पण नंतर वर येऊन मी आमच्या स्वयंपाकघराच्या फरशीला कान लावला. खरंच ऐकू येत होतं. बाकी सगळ्यांचं टप, टप आणि एकीचं धप्प.

असल्या त्यांच्या तऱ्हा फार. भिंतीला दोरी बांधली होती, तिला कपडे वाळत घालायचे चिमटे लावलेले. बारा पांढरे, चार लाल. एखादी पोरगी आली की चुपचाप लाल चिमटा काढून ओढणीला लावायची, आणि त्या दिवशी तिने उडी मारायची नाही, नुसते हात. का, म्हणून मास्तर विचारायचे नाहीत. मला वाटलं ही खूण आहे, कसली तरी टोळी आहे. ऋतुजाला विचारलं तर लाजून हसली आणि म्हणाली, आबा, तुम्ही नका त्यात पडू. महिनाभर मी त्या लाल चिमट्यांवर पाळत ठेवली, कोण कधी लावतं ते. मग माझ्या टाळक्यात उजेड पडला आणि माझी मलाच लाज वाटली. पुरुष असून याला हे सुचलं कसं, हा प्रश्न मात्र राहिलाच.

वर्गाला आलेल्या पोरीला पहिला प्रश्न, "आज काय खाल्लं?" नुसतं जेवले म्हणून चालायचं नाही, पदार्थ सांगायचा. उपाशी असेल तिला उडी नाही. तिने कोपऱ्यात बसून फुटाणे-गूळ खायचा आणि दुसऱ्यांचे ठोके मोजायचे. नवरात्रात निम्म्या पोरी उपास धरून आल्या, त्या दिवशी निम्मा वर्ग कोपऱ्यात. एकजण म्हणाली, सर, देवीचा उपास आहे. मास्तर म्हणाले, देवीला मी काही बोलत नाही, देवी उड्या मारत नाही. हे वाक्य मी सहाव्या पायरीवरून ऐकलं आणि ठरवलं की हा माणूस धर्मबुडव्या आहे.

आणि ते नाडीचं प्रकरण. उड्या संपल्या की हलगी बंद. पोरी दोघी दोघी समोरासमोर बसायच्या, एकमेकींचं मनगट धरून, डोळे मिटून. मिनिटभर गाळ्यात आवाज नाही. मास्तर हातातल्या घड्याळाकडे बघत उभे. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं हा कुणातरी बाबाचा माणूस असणार आणि पोरींवर काहीतरी मंत्र टाकतोय. पण त्या नुसते ठोके मोजत होत्या. मग एकेक पोरगी आकडा सांगायची, मास्तर वहीत लिहायचे. पहिल्या दिवशी प्रत्येकीला एका चौरंगावर तीन मिनिटं चढ-उतर करायला लावून त्यांनी आकडा घेतला होता. बसून पायाच्या बोटांपलीकडे हात किती पोचतो, एका पायावर किती वेळ उभं राहता येतं, सगळं त्या पोलादी पट्टीने आणि घड्याळाने मोजलेलं. आठ आठवड्यांनी परत मोजणार. "घाम खोटं बोलतो," म्हणायचे, "उन्हात बसला तरी येतो. नाडी खोटं बोलत नाही."

आता खरं तेही सांगतो. पोरींच्यात फरक पडत होता. ती बीडची, कॅन्टीनमध्ये काम करणारी, पहिल्या आठवड्यात आमचा जिना चढून पाणी मागायला आली तर कठड्याला धरून उभी राहिली होती. दोन महिन्यांनी पाण्याचा मोठा जार खांद्यावर घेऊन तोच जिना चढली आणि वर येऊन माझ्याशी बोलली, धाप न लागता. सलीमची मुलगी आधी वाकली की गुडघ्याला हात लावायची, आता तळवे जमिनीला टेकायची. लाइनवर पाठ धरायची ती धरत नाही, असं दोघी-तिघी सांगायच्या. मी ऐकायचो आणि म्हणायचो, वयच आहे वाढायचं.

पण एकदा कुणीतरी विचारलं, सर, रस्त्यात कुणी छेडलं तर ही लाथ मारायची का? मास्तर म्हणाले, "नाही. पळायचं. हवेतला ठोसा हवेतच मारायचा. माणसाला मारायला मी शिकवत नाही, मला ते येत नाही." ठोसा कराट्याचा म्हणतो आणि मारता येत नाही? माझा संशय पक्का झाला. गाळ्याच्या भिंतीवर पार वर, छताजवळ, त्यांनी एक काचेची चौकट लावली होती, इंग्रजी सर्टिफिकेट. मास्तर नसताना मी स्टुलावर चढलो. माझं शिक्षण चौथी, इंग्रजी मला वाचता येत नाही. मोबाइलवर फोटो काढला आणि कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याला दाखवला. त्याने वाचलं आणि म्हणाला, "आबा, यात कराटे कुठंच नाही. कारखान्यातली मापाची उपकरणं तपासायचं ट्रेनिंग झाल्याचा कागद आहे हा."

मी तो फोटो जपून ठेवला. घाई करायची नाही असं ठरवलं. योग्य वेळी बाहेर काढायचा.

वेळ मास्तरांनीच आणली. आठ आठवडे झाले, परत मापं झाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते जिना चढून वर आले. तोवर कधी वर आले नव्हते. चपला हातात धरून दारात उभे राहिले. ऋतुजा कामावर गेली होती.

"तुमच्या नातीला उद्यापासून पाठवू नका," म्हणाले.

"का? काय केलं तिनं?"

"तिने काही केलं नाही. बाकीच्यांची नाडी उड्या थांबल्यावर तीन मिनिटांत खाली बसते. हिची दहा मिनिटं धावत असते. पहिल्यापेक्षा आता जास्त. हात पोचतो, पाय वर जातो, पण दम नाही. ती उपास करते का?"

"आमच्या घरातलं आमी बघू."

"बघा ना. कोण बघतंय?"

मला तिडीक आली. भरती तीन-चार महिन्यांवर आलेली आणि हा म्हणतो पाठवू नका. मी मोबाइल काढला. "तुमचं सर्टिफिकेट वाचून घेतलंय मी," म्हटलं. "कराट्याचं न्हाई ते."

मला वाटलं आता तोंड पडेल. पण मास्तरांचा चेहरा खुलला. "सहा वर्षांत तुम्ही पहिले," म्हणाले. "पोरी इंग्रजी शिकलेल्या, एकीनेही मान वर करून वाचलं नाही. मी लपवलं नव्हतं हो, भिंतीलाच लावलंय."

"मग शिकलात कुठं हे?"

"माझी मुलगी कराट्याला जायची. मी तिला सोडायला जायचो आणि खिडकीबाहेर बसायचो. सात वर्षं बसलो. बसून जेवढं येतं तेवढं आलं."

"आता कुठं असती ती?"

"नगरला, सासरी. ती आता काही करत नाही." एवढं बोलून ते हातातल्या चपलांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आबा, मी तीस वर्षं कंपनीत गेज आणि मायक्रोमीटर तपासले. खोटं माप दाखवणारं हत्यार मला लांबून कळतं. तुमची नात सोमवारी आणि गुरुवारी मला पोहे खाल्ले म्हणून सांगते. दर सोमवारी पोहे, दर गुरुवारी पोहे. इतके पोहे कुणी खात नाही."

मी म्हटलं, गाळा रिकामा करा. ते म्हणाले, करतो. "फक्त उद्या पाच वाजता एकदा खाली या आणि तिची नाडी तुम्ही स्वतः मोजा. माझ्यावर विश्वास ठेवू नका. तुमच्या हाताने मोजा."

मी गेलो. विश्वास ठेवला म्हणून नाही, याला पोरींसमोर खोटं पाडावं म्हणून. दुसरा दिवस गुरुवार होता. आधी त्यांनी मला सलीमच्या मुलीजवळ बसवलं. तिने चौरंगावर तीन मिनिटं चढ-उतर केली होती. ऋतुजाने तिचं मनगट माझ्या बोटांखाली कसं धरायचं ते दाखवलं. ठोका घट्ट होता, आणि बसल्या बसल्या हळू होत गेला, हॅमर बंद केल्यावर पट्टा हळूहळू थांबतो तसा. मग ऋतुजा चौरंगावर चढली. तीन मिनिटं पुरी केली, येऊन बसली, हात पुढं केला आणि माझ्याकडे बघून हसली.

ठोका सापडायलाच वेळ लागला. सापडला तो बारीक, दोऱ्यासारखा, आणि नुसता धावणारा. थांबेना. मास्तर म्हणाले तीन मिनिटं झाली. थांबेना. मी मोजायचं सोडून दिलं होतं.

दवाखान्यात शेवटचे नऊ दिवस हिचा हात माझ्या हातात होता. दुसरं काही करता येत नव्हतं म्हणून मी मनगट धरून बसायचो. हाच ठोका होता. असाच बारीक, असाच धावणारा. मी तेव्हा समजत होतो की जीव आहे, धावतोय, म्हणजे चांगलंच आहे.

मास्तरांनी मला आकडा विचारला नाही. वहीत त्या ओळीवर काही लिहिलंही नाही. पोरींना म्हणाले, आज इथंच थांबू.

तरी मी लगेच मान तुकवली असं नाही. मनात म्हटलं, डॉक्टर काय म्हणतो बघू, मास्तर काय डॉक्टर आहे? शनिवारी ऋतुजाला घेऊन पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात गेलो. रक्त काढलं, कागद आला. डॉक्टरीणबाई तरुण होती, ऋतुजापेक्षा चार-सहा वर्षांनी मोठी असेल. कागद बघून म्हणाली, रक्त जवळजवळ निम्मं आहे, हिला उभं राहता येतं हेच खूप. गोळ्या दिल्या आणि विचारलं, घरात स्वयंपाक कोण करतं? मी म्हटलं, हीच करते. कामावरून येऊन? मी म्हटलं, व्हय. 

सोमवारी पोरगी उठायच्या आधी मी खाली जाऊन अंडी आणली. दुकानदार म्हणाला, आबा, आज सोमवार. मी म्हटलं, मला वार कळतात. जन्मात स्वयंपाक केला नव्हता. पहिली दोन करपली, तिसरं जमलं. भाकरी रात्रीची होती. ताट तिच्यापुढं ठेवलं.

"आबा, आज उपास आहे," ती म्हणाली. "आजीचा नवस."

"नवस मी दिला, मीच काढून घेतला. खा. देवानं विचारलं तर माझं नाव सांग."

ती ताटाकडे बघत बसली. मग रडायला लागली, आणि रडत रडतच खाल्लं. मी विचारलं, चक्कर येत होती तर बोलली का नाहीस? म्हणाली, "तुम्ही रोज आजीच्या फोटोला सांगायचात, पोरगी तुझं सगळं करतीय म्हणून. मी काय सांगणार?"

गाळा रिकामा करायचा विषय मी परत काढला नाही, मास्तरांनीही नाही. ऋतुजाला त्यांनी वर्गात घेतलं, पण दीड महिना उडी नाही. ती कोपऱ्यात बसून ठोके मोजायची. मग नुसते हात, मग पाय, मग हळूहळू चौरंग. मी सहाव्या पायरीवर होतोच. आता मास्तरांवर नजर नसायची, तिच्यावर असायची. भरतीच्या आदल्या आठवड्यात तिची नाडी इतरांसारखी खाली बसायला लागली. मी मास्तरांना विचारलं, आता सांगा, हे तुमच्या उड्यांनी झालं का माझ्या अंड्यांनी?

मला वाटलं स्वतःचं नाव घेतील. ते हिरमुसले. "तेच तर सांगता येत नाही," म्हणाले. "उडी, गोळी, अंडं, सगळं एकदम बदललं. तपासणीत एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते. चूक झाली माझी." आणि खरंच दोन दिवस ते चूक झाल्यासारखे वागत होते. असल्या माणसाला काय म्हणावं, मला अजून कळलेलं नाही.

धावण्या-गोळ्याचं ग्राउंड निघालं, लेखी निघाली, यादीत नाव आलं. कलाबाई म्हणाल्या, तिच्या आजीचा नवस फळाला आला.  नवस मोडल्याचा किडा माझ्या डोक्यात होता. देवळातल्या गुरवाला सगळं खरं सांगितलं. तो म्हणाला, देवाची माफी मागा आणि उद्यापन करा, पाच जणींना जेवू घाला. मी पाच कशाला, वर्गातल्या सगळ्या पोरींना बोलावलं. सलीमची मुलगी आली, बीडची आली. मास्तर आले. त्या वेळी त्यांच्या मुलीचं नगरहून बोलावणं आलेलं होतं, तिला दिवस गेले होते. त्यानंतर महिन्याभरात ते गाळा सोडून गेले, आणि त्याला आता वर्ष होत आलं.

पुरणपोळीला कलाबाई होत्या. पंगत बसली आणि ऋतुजा ओढणी खोचून वाढायला उभी राहिली. मी तिच्या हातातलं आमटीचं भांडं काढून घेतलं आणि तिला पंगतीत बसवलं. कलाबाई म्हणाल्या, "आबा, घरच्या बाईने आधी बसायचं नसतं. वाढणार कोण?" मी म्हटलं, मी वाढतो. आणि वाढलं. वाकून वाकून कंबर राहिली नाही. उड्या मारणाऱ्या पोरी खातात कशा ते त्या दिवशी बघितलं. चौथी-पाचवी पोळी सहज. मी आत जायचो, बाहेर यायचो. ऋतुजाला तूप वाढताना तिने नको म्हणून हात आडवा धरला, तरी वाढलं.

सगळं उरकलं. पोरी गच्चीवर गेल्या, कलाबाई घरी गेल्या. मी स्वयंपाकघरात ताट घेऊन खाली बसलो. मास्तर हात धुवायला आत आले. त्यांना सवय होती, कुठलाही डबा, कुठलंही भांडं दिसलं की उघडून आत किती आहे ते बघायचं. त्यांनी पातेल्याचं झाकण उचललं. बुडाला खरवडून मूठभर भात. आमटीच्या भांड्यात दोन पळ्या, तीही नुसतं पाणी. पोळीच्या डब्यात एक फाटका तुकडा.

"तुम्हाला उरलं का?" त्यांनी विचारलं.

"लई उरलंय," मी म्हटलं.

झाकण त्यांच्या हातातच होतं. हीसुद्धा आतून मला हेच सांगायची, पंचेचाळीस वर्षं, रोज. झाकण उचलून बघायला मी कधी उठलो नाही.